गच्चीवरील कुंडीतील स्ट्रॉबेरीस पाणी केव्हा व किती द्यावे

महाराष्ट्रात स्ट्रॉबेरीचे पीक महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात स्थिरावले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवरील थंड हवा आणि निचऱ्याची तांबडी जमीन या पिकास मानवली. सन २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक मानांकनही मिळाले. अलीकडे सखल व उष्ण भागांतील कुटुंबेही ही रोपे आणून गच्चीवर कुंड्यांत लावू लागली आहेत. परंतु त्यांपैकी कित्येक रोपे फळ धरण्यापूर्वीच मरतात. लागवडीचा योग्य काळ सप्टेंबर-ऑक्टोबर हाच असल्याने मेलेल्या रोपाची भरपाई त्या हंगामात होत नाही. या हानीच्या मुळाशी बहुधा पाणी देण्यातील चूक असते. आणि ती जितकी कमी पाण्याची असते तितकीच जास्त पाण्याचीही असते.

मुळांचा स्वभाव

स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या १५ ते २० सेंटिमीटर थरात राहतात. शेतातील रोपास भोवतालच्या मातीतील ओलाव्याचा आधार असतो. कुंडीतील रोपास तो नसतो. गच्चीवर ऊन वरून लागतेच; शिवाय कुंडीच्या बाजू तापतात, खालचा सिमेंटचा पृष्ठभाग उष्णता देतो आणि मोकळा वारा ओलावा ओढून नेतो. म्हणून माती लवकर सुकते. दुसऱ्या बाजूस, माती सतत चिंब राहिली तर तिच्यातील हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि कुजव्या बुरशीस वाव मिळतो. ओलावा आणि हवा ही दोन्ही मुळांना सारखीच हवी असतात.

दुपारची मरगळ

कडक उन्हात पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांच्या शोषणापेक्षा अधिक होतो व माती ओली असूनही पाने मलूल दिसतात. ऊन उतरताच ती पूर्ववत होतात. अशा वेळी रोप तहानले आहे असे समजून पुनःपुन्हा पाणी घातल्यास मुळे कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे रोप अधिकच मलूल होते आणि त्यास आणखी पाणी दिले जाते. कित्येक रोपे या फेऱ्यात सापडून मरतात. यास्तव पानांवरून निर्णय न घेता मातीची परीक्षा करावी.

मातीची परीक्षा

सकाळी तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत घालावी. तेथे ओल लागल्यास त्या वेळी पाणी देऊ नये. माती कोरडी लागल्यास भरपूर द्यावे. पाणी देण्यापूर्वी व दिल्यानंतर कुंडी उचलून पाहण्याची सवय ठेवल्यास पुढे वजनावरूनही अंदाज येतो. माती ओली असून सकाळच्या थंड वेळीही रोप मलूल असेल, तर पाणी बंद करून मुळे तपासावीत. निरोगी नवी मुळे पांढरट असतात. कुजलेली मुळे काळपट व मऊ होतात.

पाणी देण्याची रीत

पाणी सकाळी लवकर द्यावे. बारीक धारेच्या झारीने ते मातीवर, कुंडीच्या कडेकडेने सोडावे. ज्या आखूड खोडातून पाने फुटतात, त्यास बागायतदार क्राउन म्हणतात. तो मातीत पुरला जाऊ नये व त्यात पाणी साचू नये. फुले व फळे भिजल्यास करड्या बुरशीचा उपद्रव वाढतो. तळाच्या छिद्रातून पाणी पाझरू लागेपर्यंत द्यावे. रोज केवळ वरची माती ओली होईल इतके थोडे पाणी दिल्याने खालची मुळे कोरडीच राहतात. गच्चीवरील उन्हात पडलेल्या नळीतील पहिले पाणी फार तापलेले असते. ते आधी बादलीत काढून घ्यावे.

कुंडी व निचरा

नुसती काळी चिकण माती भरू नये. पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत व जाड वाळू यांचे भुसभुशीत मिश्रण वापरावे. छिद्रावर खापरीचा एक तुकडा पुरेसा होतो. तळाशी खडीचा जाड थर दिल्याने मुळांची जागा मात्र कमी होते. कुंडी दोन विटांवर ठेवावी. खाली बशी असल्यास तीत साचलेले पाणी लगेच ओतून द्यावे, कारण त्यात डेंग्यू पसरविणारे डासही वाढतात. मातीवर भाताच्या पेंढ्याचे आच्छादन करावे, मात्र ते क्राउनला भिडू देऊ नये.

खारे पाणी

स्ट्रॉबेरी हे क्षारांना अत्यंत नाजूक पीक आहे. कूपनलिकेचे खारे पाणी नित्य दिल्यास पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात व मातीवर पांढरा थर दिसतो. हे लक्षण कोरडेपणाचे समजून तेच पाणी थोडे थोडे वाढवीत गेल्यास क्षार साचतच राहतात. अशा कुंडीत कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडे पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत. साठविलेले पावसाचे पाणी यासाठी उत्तम.

ऋतुमानाप्रमाणे बदल

थंडीत काही कुंड्यांस एक दिवसाआड पाणी पुरते, तर फेब्रुवारीनंतर लहान कुंड्यांस ते रोज व कधी दिवसातून दोनदाही लागते. तथापि दर वेळी मातीचा कौलच प्रमाण मानावा. मार्चपासून दुपारच्या वेळी शेडनेटची सावली करावी. उष्णतेने फुले येणे थांबल्यास पाणी वाढवून ती परत येत नाहीत. पावसाळ्यात कुंड्या सतत भिजणार नाहीत अशा आडोशास हलवाव्यात.

प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकाच आकाराच्या, सारख्या मातीच्या दोन कुंड्यांत सारखी रोपे लावावीत. एकीस ठराविक वेळी रोज पाणी द्यावे व दुसरीस बोटाने पाहून द्यावे. दिलेले पाणी लोट्याने मोजून वहीत नोंदवावे आणि काही आठवड्यांनी दोन्ही रोपांची वाढ व मुळे शेतकऱ्यांस दाखवावीत. कमी खर्चाच्या या प्रात्यक्षिकाने पाणी मोजून व माती पाहून देण्याची सवय लागेल, आणि ती शेतातील पिकांसही तितकीच उपयोगी पडेल.