फौजदारी बचावाचा वकील : निवड, विश्वास आणि जबाबदारी

फौजदारी खटल्यात एका बाजूला पोलीस, सरकारी वकील, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी तिजोरी असे राज्याचे सारे बळ उभे असते, आणि दुसऱ्या बाजूला आरोपी व त्याचा वकील एवढेच असतात. ही विषमता ओळखूनच भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 22(1) ने अटक झालेल्या प्रत्येक व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकरवी बचाव करण्याचा मूलभूत हक्क दिला आहे. मात्र हा हक्क वापरायचा कसा, वकील कशावरून निवडायचा आणि निवडल्यावर त्याच्याबरोबर काम कसे करायचे, याची समज बहुतेक कुटुंबांना दारात पोलिसांची गाडी उभी राहिल्यावरच, म्हणजे सर्वांत घाईच्या वेळी, मिळवावी लागते.

लातूर जिल्ह्यातील जळकोटसारख्या तालुक्यात या प्रश्नाला अंतराचाही पदर आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामी राज्यात होता आणि वरिष्ठ न्यायासाठी हैदराबादकडे पाहावे लागे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर हेच अंतर मुंबईपर्यंत वाढले. 1981 मध्ये औरंगाबाद येथे मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले, 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाची वैधता मान्य केली आणि 1984 मध्ये तेथे कायम खंडपीठ झाले, तेव्हा मराठवाड्याच्या पक्षकाराला उच्च न्यायालय प्रथमच आवाक्यात आले. आजही जळकोटच्या एखाद्या गंभीर गुन्ह्याचा प्रवास दंडाधिकारी, सत्र न्यायालय आणि खंडपीठ अशा पायऱ्यांनी होतो. शिवाय खटला सर्वसाधारणपणे गुन्हा घडला त्या ठिकाणच्या न्यायालयात चालत असल्याने, शीव ओलांडून मुखेडच्या हद्दीत झालेल्या भांडणाचे प्रकरण नांदेड जिल्ह्याच्या न्यायालयात जाते. म्हणून खटला नेमका कोणत्या न्यायालयात चालणार आणि त्या न्यायालयात नित्य उभा राहणारा वकील कोण, हा निवडीचा पहिला प्रश्न ठरतो.

पहिले चोवीस तास

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले असले तरी अटकेच्या वेळचे मूळ संरक्षण कायम आहे : अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, नातेवाइकाला कळवले पाहिजे, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले पाहिजे, आणि चौकशी चालू असताना, संपूर्ण वेळ नसले तरी, वकिलाला भेटू दिले पाहिजे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावले असून, अशा प्रकरणांत पोलीस बहुधा हजर राहण्याची नोटीस देतात. ती नोटीस हाती पडणे हीच वकिलाकडे जाण्याची वेळ होय. ‘आधी ठाण्यात जाऊन बोलून येऊ’ असे म्हणणारी माणसे पुष्कळदा नंतर निस्तरता येणार नाही असे काही बोलून येतात.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. परंतु आरोपीने दिलेल्या माहितीवरून काठी, कपडे किंवा मोबाईल सापडला, तर त्या शोधापुरता कबुलीचा भाग पुराव्यात येतो. पंचनाम्यात ‘आरोपीने स्वखुशीने काढून दिली’ हे वाक्य वारंवार का दिसते, याचे उत्तर याच तरतुदीत आहे. पहिल्या रिमांडच्या वेळी, म्हणजे कोठडीची मागणी न्यायालयापुढे येते तेव्हा, वकील हजर असेल तर अंगावरच्या जखमांची नोंद, वैद्यकीय तपासणीची मागणी आणि कोठडीची खरोखर गरज आहे का हा प्रश्न, या तिन्ही गोष्टी वेळेवर रोजनाम्यात येतात.

निवडीचे निकष

वकिलाची सनद ही किमान अट आहे. ती राज्याच्या बार कौन्सिलकडून, म्हणजे येथे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून, अधिवक्ता अधिनियम 1961 खाली मिळते. सनद असलेला प्रत्येक वकील कायद्याने फौजदारी काम करू शकतो, तरी मिळकतीच्या दाव्यांत मुरलेला वकील उलटतपासणीत तितकाच तरबेज असेलच असे नाही. म्हणून त्याने सत्र न्यायालयात खटले शेवटपर्यंत चालवले आहेत का, अटकपूर्व जामिनाचे अर्ज तो स्वतः चालवतो का, तारखेला स्वतः उभा राहतो की कनिष्ठाला पाठवतो, आणि प्रकरण खंडपीठापर्यंत गेल्यास तिथे कोणाची मदत घेणार, हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत. विशेष कायद्यांत ही चौकशी आणखी महत्त्वाची ठरते. उदाहरणार्थ, 1989 च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अटकपूर्व जामिनाला कलम 18 ची बंदी असून जामिनाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करावे लागते, आणि ही वाट अंगवळणी पडलेला वकील पहिले काही दिवस वाया घालवत नाही.

उलट, ‘जामिनाची हमी माझी’ किंवा ‘साहेबांची ओळख आहे’ असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. निकालावर अवलंबून शुल्क ठरवणे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांना मंजूर नाही, वकिलाने स्वतःची जाहिरात करून काम मागणेही नाही, आणि कोर्टाच्या आवारात गिऱ्हाईक गाठून देणाऱ्या दलालांची यादी प्रसिद्ध करण्याचा अधिकार 2023 च्या दुरुस्तीने उच्च न्यायालय व जिल्हा न्यायाधीशांना मिळाला आहे. शुल्क एकरकमी आहे की टप्प्याटप्प्याने, त्यात नकला, प्रवास आणि वरच्या न्यायालयाचे काम धरले आहे की नाही, हे लिहून घ्यावे आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी. सज्जन वकिलाला यात अपमान वाटत नाही.

दोषारोपपत्र कसे वाचले जाते

बचावाचे खरे काम कागदांत चालते. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात दाखल करतात ते दोषारोपपत्र. त्याच्या प्रती आरोपीला विनामूल्य मिळतात आणि त्यात प्रथम खबर, साक्षीदारांचे जबाब, पंचनामे व वैद्यकीय दाखले असतात. बांधावरच्या मारामारीचे उदाहरण घेतले, तर फिर्यादीत ‘कुऱ्हाडीने डोक्यात मारले’ असे असते, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्यात तीच जखम ‘कठीण व बोथट वस्तूने झालेली, साधी’ अशी नोंदलेली असते. हा फरक जीवघेणा आहे, कारण साधी दुखापत न्याय संहितेच्या कलम 115(2) खाली एक वर्षापर्यंत शिक्षेची व अदखलपात्र आहे, तर घातक हत्याराने केलेली गंभीर दुखापत कलम 118(2) खाली जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. सरकार पक्ष म्हणेल, कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने मारले. मग बचावाचा वकील पाहतो की साक्षीदाराने पोलिसांपुढील जबाबात तसे म्हटले होते का, कारण तो जबाब पुरावा नसला तरी साक्षीतली विसंगती दाखवण्यासाठी वापरता येतो. घटनेची वेळ आणि फिर्यादीची वेळ यांतले अंतर, घटनास्थळाच्या नकाशातील दिवा आणि साक्षीदार उभा होता ती जागा, पंच गावचे की पोलिसांच्या नेहमीच्या ओळखीचे, विरुद्ध बाजूनेही गुन्हा दाखल आहे का, अशा तपशिलांतूनच उलटतपासणी आकार घेते.

दिवसांचा हिशेबही याच वाचनाचा भाग आहे. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत 90 दिवसांत आणि इतरांत 60 दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर कोठडीतील आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो; पण मुदत टळल्यावर आणि दोषारोपपत्र येण्यापूर्वी अर्ज करणे आवश्यक असते, आणि त्यासाठी वकिलाची वही जागी असावी लागते.

पक्षकाराचे काम

वकील निवडला म्हणजे जबाबदारी संपली, हा गैरसमज महागात पडतो. वकिलाशी झालेले व्यावसायिक बोलणे साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 ने गोपनीय ठरवले आहे. पुढे करावयाच्या गुन्ह्यासाठीच्या बोलण्याला मात्र हे संरक्षण नाही. म्हणून आरोपीने आपल्याला प्रतिकूल ठरणारी हकिकतही वकिलाला पूर्ण सांगावी. ती वकिलाला प्रथम सरकारी साक्षीदाराच्या तोंडून कळली, तर बचावाचा पायाच ढासळतो. घटनाक्रम तारीखवार लिहून देणे, फोनमधील चित्रफिती न पुसता जपणे, जामीनदारासाठी सातबारा व ओळखीची कागदपत्रे तयार ठेवणे, प्रत्येक तारखेला हजर राहणे आणि फिर्यादी किंवा साक्षीदारांना भेटून दबाव न आणणे, एवढे पक्षकाराच्या हातात असते. शेवटचे पथ्य मोडले तर मिळालेला जामीनही रद्द होऊ शकतो.

संबंध बिघडल्यास वकील बदलता येतो. थकलेल्या शुल्कापोटी पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये स्पष्ट केले. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते. ग्राहक न्यायालयाचा मार्ग मात्र 14 मे 2024 च्या निकालाने बंद झाला आहे.

ज्याला परवडत नाही त्याचे काय

1978 च्या होसकोट खटल्यात, 1979 च्या हुसैनआरा खातून प्रकरणात आणि 1981 च्या भागलपूर अंधत्व प्रकरणात मोफत विधी साहाय्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 मध्ये झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून अंमलात आला. त्याखाली महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुका समिती आणि 15100 हा क्रमांक ही त्याची दारे होत. अलीकडे लोक अभिरक्षक कार्यालयांतून पूर्णवेळ बचाव वकील नेमण्याची पद्धत सुरू झाली असून, सरकारी वकिलाच्या बरोबरीने आरोपीच्या बाजूलाही कायमची यंत्रणा उभी करणारा हा महत्त्वाचा बदल आहे. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे अद्याप दोषी न ठरलेले, आहेत. त्यामुळे या यंत्रणेची गुणवत्ता ही चैनीची बाब नाही.

दुबळ्या बचावाची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. 2003 मधील नाशिकजवळच्या खून व बलात्काराच्या खटल्यात भटक्या समाजातील सहाही जणांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, आणि त्याच न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रांतून आधी दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, हे त्या निकालातील कळीचे कारण होते. ज्या गोष्टीचे वजन पहिल्याच खटल्यात व्हायला हवे होते, ती मान्य होईपर्यंत या माणसांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली.

म्हणूनच ‘अशा आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये’ हा संतापाच्या भरात होणारा ठराव घातक आहे, आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदेशीर ठरवले. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या दहशतवाद्यालाही खटल्यात आणि अपिलात वकील देण्यात आला, आणि त्याच्याच अपिलात 2012 मध्ये न्यायालयाने सांगितले की पहिल्यांदा हजर केलेल्या प्रत्येक आरोपीला वकिलाचा हक्क समजावून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. जळकोटच्या वाडी-तांड्यावरील माणसाला हे कर्तव्य आणि आपला हक्क अटकेपूर्वीच ठाऊक असायला हवा. त्यासाठी विधी साक्षरतेची शिबिरे ग्रामसभेच्या दिवशी गावातच व्हावीत, ठाण्याच्या भिंतीवर तालुका समितीचा पत्ता ठळक मराठीत असावा आणि लोक अभिरक्षकाची पहिली भेट कोठडीतच व्हावी. अटकेच्या रात्री कोणाला फोन लावायचा हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असेल, तेव्हाच अनुच्छेद 22 या तालुक्यापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचला असे म्हणता येईल.