बी.एड्.मध्ये नेमकं शिकवतात तरी काय?



निकालाचे दिवस आले की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मागच्या जूनमध्ये तो शाळेच्या फाटकातच आला. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील म्हणाले, "मॅडम, थोरली बी.एस्सी. झाली. तिला बी.एड्.ला घालायचंय. रोज जावं लागणार नाही असं एखादं कॉलेज सांगा की. पुस्तक तर तिला येतंच, शिकवायला आणि वेगळं काय शिकायचं?" धाकटी त्याच वर्षी बारावी झालेली. तिचंही पुढेमागे हेच करायचं त्यांच्या मनात होतं.

परिपाठाची वेळ झाली होती. फाटकात उभ्या उभ्या धड उत्तर देता आलं नाही. मी स्वतः डी.एड्. केलेली प्राथमिक शिक्षिका. पण आमची शाळा आठवीपर्यंत असल्यामुळे बी.एड्.चे छात्राध्यापक दरवर्षी आमच्याकडे येतात आणि त्यांचं काम मी जवळून पाहते. त्या जोरावर हे लिहिते आहे.

आधी साधी माहिती. बी.एड्. ही पदवीनंतरची पदवी. पूर्वी एक वर्षाची होती, २०१५ पासून दोन वर्षांची झाली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने (आपण तिला एन.सी.टी.ई. म्हणतो) २०१४ साली नियम केले, त्यानुसार आजचा अभ्यासक्रम चालतो. विद्यापीठागणिक विषयांची नावं थोडी इकडेतिकडे होतात, गाभा तोच.

आता पालकांना सर्वांत जास्त आश्चर्य कशाचं वाटतं सांगू? बी.एस्सी. झालेल्या मुलीला बी.एड्.मध्ये पुन्हा विज्ञान शिकवत नाहीत. विज्ञान तिला येतं असं धरूनच चालतात. तिला शिकायचं असतं ते मूल, आणि मुलापर्यंत विज्ञान पोचतं कसं ते.

म्हणून पहिल्या वर्षी बाल्यावस्था आणि वाढ, अध्ययन आणि अध्यापन, समकालीन भारत आणि शिक्षण असे विषय येतात. पियाजे, वायगॉट्स्की, ब्रूनर ही नावं इथेच भेटतात. परीक्षेपुरती पाठ केली तर ती नुसती नावंच राहतात, हे मी अनुभवाने सांगते. वायगॉट्स्कीचं म्हणणं थोडक्यात असं, की मुलाला एकट्याने जे जमतं आणि कुणाच्या मदतीने जे जमतं त्यांच्यामध्ये एक जागा असते. शिकवायचं त्या जागेत. डी.एड्.ला मी हे पाठ केलं होतं. कळलं नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, वजाबाकी शिकवताना.

समकालीन भारत या विषयात संविधान, कोठारी आयोग, २००९ चा शिक्षण हक्क कायदा असं सगळं येतं. लिंगभाव आणि शाळा, समावेशक शाळा हेही स्वतंत्र विषय आहेत. वर्गात कमी ऐकू येणारं मूल असेल तर त्याला कुठे बसवायचं, फळ्याकडे तोंड करून बोलायचं का नाही, हे कुणीतरी आधी सांगितलेलं बरं असतं.

एक विषय मला फार आवडतो. सर्व विषयांतून भाषा. नाव ऐकून वाटतं की हा मराठीच्या शिक्षकांचा. तो सगळ्यांचा आहे. विज्ञानात आपण सांगतो, भिंत कितीही ढकलली तरी ती हलली नाही तर कार्य शून्य. मूल म्हणतं, "पण मॅडम, घाम आला की!" मूल चुकलेलं नसतं. घरातला 'काम' शब्द आणि पुस्तकातला 'कार्य' शब्द यांच्यातली दरी आपण भरलेली नसते. क्षेत्रफळातलं 'फळ' ऐकून आंबा आठवणारी मुलं मी पाहिली आहेत. अशा जागा ओळखायला शिकवणारा हा विषय.

मूल्यमापनाचाही स्वतंत्र विषय असतो. त्याचं नावच 'अध्ययनासाठी मूल्यमापन' असं आहे. पेपर तपासून गुण देणं वेगळं, आणि चूक बघून उद्या काय शिकवायचं ते ठरवणं वेगळं. याचं उदाहरण पुढे येतंच. नाट्य आणि कला, वाचन आणि चिंतन, माहिती तंत्रज्ञान, 'स्व'ची ओळख असे छोटे विषयही असतात. कुठे मनापासून घेतात, कुठे नुसती वही भरून घेतात. ते कॉलेजवर अवलंबून.

पण हे सगळं झालं कागदावरचं. बी.एड्.चा खरा जीव अध्यापनपद्धती आणि सरावात आहे.

सुरुवात बहुतेक कॉलेजांत सूक्ष्म अध्यापनाने होते. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर मुलं म्हणून आपलेच वर्गमित्र, आणि लक्ष एकाच कौशल्यावर. आज फक्त प्रश्न विचारणं, उद्या फक्त फलक लेखन. पाठ झाला की निरीक्षण करणारे काय चुकलं ते सांगतात आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा. मला वाटायचं, हे काय पोरखेळ आहे! मग माझ्या पहिल्या पाठानंतर मैत्रिणीने कागद पुढे केला. छोट्याशा पाठात मी अकरा वेळा "समजलं का?" विचारलं होतं आणि एकदाही उत्तरासाठी थांबले नव्हते. हे मला स्वतःला कधीच कळलं नसतं. घरी बसून तर नाहीच नाही.

त्यानंतर पाठ टाचण, सराव पाठ आणि मग आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून काम. नियमाप्रमाणे दोन वर्षांत मिळून वीस आठवडे. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. यात तास घेण्याबरोबर परिपाठ, हजेरी, पालकसभा, वह्या तपासणं, सगळं आलं.

आमच्या शाळेत आलेल्या एका छात्राध्यापिकेची गोष्ट सांगते. गणित चांगलं, अक्षर सुंदर, टाचण नेटकं. सहावीला अपूर्णांकांची बेरीज. एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. तिने फुली मारली आणि छेद समान करून उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवलं. मुलाने उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी नवं उदाहरण, तीच चूक. तिने पुन्हा तीच रीत सांगितली, फक्त आवाज जरा चढवून.

त्या दिवशी तिचे मार्गदर्शक प्राध्यापक मागच्या बाकावर बसले होते. तास संपल्यावर त्यांनी तिला एकच विचारलं, "त्याचं उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं आहे का लहान?" ती गप्प. दोन पंचमांश म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी! अर्ध्या भाकरीत आणखी तिसरा हिस्सा घातला आणि भाकरी अर्ध्याहून कमी झाली, असं ते उत्तर सांगत होतं.

तिसऱ्या दिवशी तिने कागदाच्या गोल भाकऱ्या कापून आणल्या. मुलाला अर्धी दिली, वर एक तृतीयांश ठेवायला सांगितलं. मग त्याचं उत्तर, म्हणजे पाचातले दोन तुकडे, शेजारी ठेवले. तो बघत राहिला आणि म्हणाला, "ही तर कमी झाली." मग त्यानेच विचारलं की हे तुकडे एकसारखे कसे करायचे. समान छेदाची गरज आता त्याला वाटत होती. तिने सहा भागांची भाकरी पुढे केली. तीन आणि दोन, पाच. पाच षष्ठांश.

ही युक्ती बी.एस्सी.च्या कोणत्याही पेपरात नाही. मूल चुकतंय ते कोणत्या विचाराने, हे ओळखायला शिकणं हाच बी.एड्.चा अर्धा अभ्यासक्रम आहे. आणि ते शिकायला समोर मूल लागतं, मागच्या बाकावर जाणता माणूस लागतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वर्ग लागतो.

आता त्या वडिलांच्या 'रोज न जाता'कडे येऊ. नियमित बी.एड्.ला तासांना ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के हजेरीचा नियम आहे. तरीही फी भरा, परीक्षेला या, फाइली तयार मिळतील असं सांगणारे भेटतात, हे आपण सगळे जाणतो. कागद हातात येतो, हे खरं. पण पहिली नोकरी लागते तेव्हा समोर चाळीस मुलं असतात आणि मागचा बाक रिकामा असतो. मग सराव कुणावर होतो? तुमच्या-माझ्याच लेकरांवर.

दुसरी गोष्ट पालकांनी नीट लक्षात घ्यावी, कारण यात मुलांची वर्षं वाया जातात. बी.एड्. झालं म्हणजे कुठल्याही वर्गाला शिकवता येतं असं नाही. २०१८ मध्ये बी.एड्.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ते अमान्य केलं. लहान मुलांना वाचायला-मोजायला शिकवणं हे वेगळं कसब आहे आणि त्याचं प्रशिक्षण डी.एल.एड्.मध्ये (आमच्या वेळचं डी.एड्.) मिळतं, असा त्यामागचा विचार. डी.एड्.वाली म्हणून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! पण त्या पात्रतेच्या भरवशावर बी.एड्. केलेल्या मुलामुलींचं वाईटही वाटलं. तेव्हा मुलीला कोणत्या वयाच्या मुलांत रमायला आवडतं हे आधी विचारा, मग कोर्स. आणि पहिली ते आठवीसाठी टी.ई.टी. वेगळी द्यावी लागते, पाचवीपर्यंत पहिला पेपर, सहावी ते आठवीला दुसरा.

बारावी झालेल्या धाकटीसाठी आता आणखी एक वाट आहे. चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, आय.टी.ई.पी. बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.कॉम. आणि बी.एड्. एकत्रच. एरवी तीन अधिक दोन अशी पाच वर्षं जातात, इथे एक वाचतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये २०३० पर्यंत शिक्षकासाठी किमान पात्रता हीच चार वर्षांची पदवी असावी असं म्हटलं आहे. २०२३-२४ पासून देशात निवडक संस्थांत तो सुरू झाला, प्रवेशासाठी एन.सी.ई.टी. ही राष्ट्रीय परीक्षा आहे. कल्पना अगदी नवी नाही बरं का. एन.सी.ई.आर.टी.च्या भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत, जिच्या क्षेत्रात आपला महाराष्ट्र आणि गोवाही येतात, चार वर्षांचे असे अभ्यासक्रम पूर्वीपासून चालत आले आहेत.

कॉलेज बघायला गेलात तर इमारत आणि फी यांच्याबरोबर एवढं विचारा: सराव शाळा कोणत्या? पाठाला निरीक्षक पूर्ण वेळ बसतात का? दुसऱ्या वर्षाची मुलं आत्ता कुठल्या शाळेत आहेत? जिथे या प्रश्नांवर "त्याची काळजी करू नका, आम्ही बघून घेऊ" असं उत्तर मिळेल, तिथून चहा पिऊन परत या.

त्या वडिलांना मी हे सगळं नंतर पालकसभेच्या दिवशी सांगितलं. थोरली आता रोज एस.टी.ने जाते, जाऊन-येऊन अडीच तास. परवा तिने फोन केला होता. फळ्यावर लिहिताना ओळ वर वर चढत जाते, काय करू, म्हणत होती. मी म्हटलं, लिहिताना हाताबरोबर तूही पुढे सरकत जा, एका जागी उभी राहू नकोस.