रक्ताची उलटी : कारणे, उपचार व प्रतिबंध

रक्ताची उलटी झाली की नातेवाइकांना प्रथम क्षयाची शंका येते. वस्तुतः खोकल्यावाटे पडणारे रक्त फुप्फुसांतील. उलटीतील रक्त बहुधा अन्ननलिका वा जठरातील असते. ते लालच असते असे नाही. जठराम्लामुळे ते कॉफीच्या चोथ्यासारखे दिसते. डांबरासारखी काळी शौचास होणे हीही त्याचीच खूण, आणि तिच्याकडेच अधिक दुर्लक्ष होते.

जठरव्रण हे याचे प्रमुख कारण. तिखटामुळे व्रण होतो हा समज मार्शल व वॉरेन यांच्या जिवाणूसंबंधीच्या संशोधनाने मागे पडला. त्यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे कारण घरातच असते : सांधेदुखीसाठी महिनोन्महिने परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. म्हणून गोळ्यांची रिकामी पाकिटेही सोबत आणावीत, अशी आम्ही विनंती करतो. मद्यपान वा हिपॅटायटिस-बी मुळे यकृत जीर्ण झाल्यास अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटतात. हा रक्तस्राव अत्यंत घातक असतो.

रुग्णास सलाईन व गरजेनुसार रक्त देऊन, शक्यतो २४ तासांच्या आत दुर्बिणीद्वारे तपासणी करून रक्तस्राव थांबविला जातो. तोवर रुग्णास काही खाऊ-पिऊ घालू नये, कुशीवर निजवावे आणि सकाळची वाट न पाहता रुग्णालयात आणावे. हृदयविकारासाठी दिलेली ॲस्पिरीन मात्र कोणीही भीतीपोटी स्वतःहून बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा.