पलीकडचा गाल

“काका, तीन बोटं उभी घाला तोंडात.”

“दोनच जायलेत, मॅडम.”

माहूरच्या तपासणी शिबिरात मोजमाप होतं ते असं. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठरते, तोंड उघडेनासं होतं. सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात तो हाच. काहींमध्ये पुढे त्याचा कर्करोग होतो. यवतमाळची हद्द लागूनच, त्यामुळे इकडे खर्रा सर्रास: सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४च्या अहवालात तंबाखूशिवायच्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. इथल्या रेणुकामातेच्या गडावर प्रसाद म्हणून मिळणारा कुटलेला तांबूल वेगळा आणि दिवसभर गालात धरलेला खर्रा वेगळा, एवढं मात्र सांगायलाच हवं.

डॉक्टर आधी टॉर्चनं बघतात, मग हातमोजा घातलेलं बोट गालावरून फिरवतात. पांढरा चट्टा डोळ्यांना दिसतो, बोटाला खरबरीत लागतो. अडचण पुढेच आहे. चट्टा सगळीकडे सारखा नसतो. तपासणीसाठी (बायोप्सी) तुकडा भलत्या जागचा घेतला तर रोग निसटतो. शिवाय तुकडा काढायला शंभराहून अधिक किलोमीटरवरचं नांदेड गाठायचं, अहवालासाठी मजुरी बुडवून पुन्हा जायचं.

टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या ‘ॲक्ट्रेक’ केंद्रात डॉ. मुरली कृष्ण यांच्या गटानं हीच अडचण लेसरनं सोडवू पाहिली. पेनासारखी सळई गालाला आतून टेकवतात. तिच्यातल्या काचतंतूतून ७८५ नॅनोमीटरचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश आत जातो. परतणारा बहुतेक प्रकाश जसाच्या तसा येतो. कोटीत एखादा प्रकाशकण मात्र रेणूंशी ऊर्जेची देवघेव करून रंग बदलून येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात शोधलेला परिणाम तो हाच. लेसरमुळे तो जिवंत गालावर काही सेकंदांत टिपता येतो. पडद्यावर चित्र उमटत नाही, चढउतारांची रेघ उमटते. निरोगी गालाच्या रेघेत चरबीच्या खुणा ठळक असतात, गाठीच्या रेघेत प्रथिनांच्या.

मला हलवून गेलं ते त्यांचं २०१३चं काम. एका गालाला कर्करोग झालेल्या रुग्णांच्या दुसऱ्या, चांगल्या दिसणाऱ्या गालावर त्यांनी सळई टेकवली. निरोगी माणसांच्या गालाहून तिथली रेघ वेगळी आली. तंबाखू खाणाऱ्या, पण कर्करोग नसलेल्या लोकांचीही तपासणी झाली. त्यांच्या रेघेतही फरक सापडला. टॉर्चला यातलं काहीच दिसलं नसतं.

यंत्राची मर्यादाही आहे. साधी सूज आणि रोगाची सुरुवात यांच्या रेघा एकमेकींत मिसळू शकतात. म्हणून निकाल आजही पॅथॉलॉजिस्टच्या काचपट्टीवरच लागतो. लेसरकडून मला हवंय ते एवढंच: तुकडा नेमका कुठून घ्यायचा ते तिथल्या तिथे कळावं, आणि ते माहूरच्या ग्रामीण रुग्णालयातच कळावं.