गिनीपिगाचे दांत आणि त्याचें लांकूड

पक्षी, ब्राह्मण व दांत या तिघांसही संस्कृतांत ‘द्विज’ हें एकच नांव आहे. कारण तिघेही दोनदां जन्मतात. मनुष्याचे दुधाचे दांत बाळपणीं पडून दुसरे येतात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु हल्लीं शहरांतील कित्येक घरीं मुलांच्या हट्टास्तव जो गिनीपिग पाळला जातो, त्याचे दांत हे दोन्ही जन्म मातेच्या उदरांतच उरकून घेतात. दुधाचे दांत गर्भावस्थेंतच नाहींसे होतात. आणि अंगावर केस, उघडे डोळे व कायमचे दांत घेऊनच पिलूं बाहेर येतें. हे कायमचे दांत मात्र पुढें आमरण वाढत राहतात, व त्या प्राण्याचें बरेचसें सुखदुःख यावरच अवलंबून असतें.

हा प्राणी ना गिनी देशचा, ना डुकराच्या जातीचा. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांत तो सहस्रावधि वर्षें मनुष्याच्या घरीं नांदत आला आहे. तेथें त्यास ‘कुय’ म्हणतात व त्याचें मांसही खातात. सोळाव्या शतकांत तो युरोपांत गेला. लिनियसनें १७५८ सालीं त्याचें शास्त्रीय नामकरण केलें, तेव्हां त्यास उंदरांच्या पंक्तींत बसविलें. कुरतडण्याची खोड पाहतां तें स्वाभाविकच होतें. पण दोघांच्या दांतांत मोठा भेद आहे. घरांतील उंदराचे पुढचे पटाशीचे दांत तेवढे वाढतात, दाढा वाढत नाहींत. गिनीपिगाचे मात्र चार पटाशीचे दांत व सोळा दाढा, असे वीसच्या वीस दांत वाढतात.

हा भेद लक्षांत न घेतल्यामुळेंच पुष्कळ गृहस्थ फसतात. बाजारांतून एखादें रंगीत लांकडी खेळणें आणून पिंजऱ्यांत टाकलें, कीं दांतांची व्यवस्था झाली, असें त्यांस वाटतें. वस्तुतः लांकडानें झिजतात ते पुढचे दांत. आंतल्या दाढा झिजतात त्या वाळलेलें गवत तासन्‌तास चघळल्यानें. गवत कमी पडलें, तर खालच्या दाढा आंतल्या बाजूस वाढून जिभेवर कमानीसारख्या झुकतात व जीभ त्यांखालीं अडकते. मग तें मुकें जनावर अन्नापाशीं येतें, हुंगतें, तोंडांत घेतें आणि टाकून देतें. समोर अन्न असतां उपासमार घडावी, याहून दुर्दैव तें कोणतें! या प्राण्यानें एक दिवसभर जरी कांहीं खाल्लें नाहीं, तरी त्याचा जीव धोक्यांत येतो. म्हणून गवत हें त्याचें मुख्य अन्न. लांकूड हें त्यास पूरक व मनाच्या विरंगुळ्याचें साधन, हा क्रम कधींही उलटूं नये.

आतां लांकूड कोणतें द्यावें? सफरचंद, नासपती व वाळुंज यांच्या जातीच्या झाडांच्या डहाळ्या चांगल्या समजल्या जातात. आपल्याकडे तुतीची फांदी सहज मिळूं शकते, व तीही योग्य आहे. उलटपक्षीं आलुबुखार, जर्दाळू, पीच व चेरी हीं झाडें एकाच कुळांतलीं. त्यांच्या ओल्या सालींत व पानांत असें द्रव्य असतें, कीं तें चावतांच त्यांतून सायनाइडाचें विष सुटतें. देवदार व चीड यांचा सुवास आपणांस प्रिय असला, तरी त्यांतील उग्र तैलद्रव्यें लहान प्राण्यांच्या श्वासमार्गास व यकृतास बाधक होतात. म्हणून मालाच्या जुन्या खोक्यांच्या फळ्या देऊं नयेत. कण्हेर सर्वांगीं विषारी आहे, आणि रुई, शेर व निवडुंग यांचा चीक दाहक आहे. त्यांचें नांवही काढूं नये. ज्या झाडाची ओळख पटत नाहीं, त्याची फांदी घरांत न आणणें हेंच शहाणपण.

सावंतवाडीचीं लांकडी खेळणीं मुलांच्या हातीं शोभतात. पण लाखेनें व रंगानें मढविलेली वस्तु या प्राण्याच्या तोंडीं देणें योग्य नव्हे. खिळे, सरस, व प्लायवूडचे तुकडे यांसही हाच नियम. फवारणी न केलेल्या, रहदारीच्या रस्त्यापासून दूरच्या झाडाची बोटाएवढी जाड व वीतभर लांब डहाळी घ्यावी. ब्रशानें घासून स्वच्छ धुवावी आणि कडक उन्हांत पूर्ण वाळवावी. बुरशी दिसल्यास ती टाकावी. पिंजऱ्यांत घाण झालेली डहाळी वेळोवेळीं बदलावी.

मनुष्याप्रमाणेंच या प्राण्याच्याही शरीरांत ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाहीं; तें कमी पडलें, तर हिरड्या सुजतात व दांतांचा आधार ढिला होतो. म्हणून रोज ढोबळी मिरचीची एखादी फांक द्यावी.

शेवटीं एक सोपी गोष्ट मुलांकडून नियमानें करवावी. आठवड्यांतून एकदां, ठरल्या दिवशीं, त्या प्राण्यास स्वयंपाकघरांतील लहान तराजूंत तोलून वजन वहींत मांडावें. दाढा तोंडाच्या फार आंत असतात. त्या घरच्या माणसांस दिसत नाहींत. पण वजन सारखें उतरूं लागलें, हनुवटी लाळेनें ओली राहूं लागली, किंवा घास तोंडांतून गळूं लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां पशुवैद्याकडे जावें. डहाळी मुलानें हौसेनें द्यावी. वजनाची वही मात्र वडीलधाऱ्यांनीं पाहावी.