ताक वाटावे, तूप मोजावे

रक्तातील कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले की घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात रुग्ण हमखास म्हणतात, ‘डॉक्टर, बाहेरचे काही खात नाही. तूपसुद्धा घरी कढवलेले!’ घरचे तूप शुद्ध असते हे खरेच. पण शुद्ध म्हणजे हवे तेवढे खावे असे नव्हे.

पूर्वी घुसळखांबाला रवी अडकवून डेऱ्यात ताक होई. घुसळल्याने स्निग्धकणांवरचे पातळ आवरण फुटते, कण एकमेकांना चिकटतात व लोणी वर येते. दही फार गार असेल तर कण जुळत नाहीत, ऊन असेल तर लोणी पाघळते. म्हणून थंडीत कोमट व उन्हाळ्यात गार पाणी घालण्याची आजीची रीत शास्त्राला धरूनच होती.

लोण्याचा पहिला मान बाळकृष्णाचा, मग पोराबाळांचा. उरलेल्याचे तूप पुरवून वापरत. ताक मात्र शेजारीपाजारी फुकट वाटले जाई. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ या म्हणीत ती चाल शिल्लक आहे. तिन्हीसांजेला विरजण देऊ नये, या समजुतीला वैद्यकशास्त्रात आधार नाही; ताक सर्वांच्या मुखी लावण्याच्या चालीला मात्र आहे. ताकात स्निग्धांश थोडा, पण प्रथिने व कॅल्शियम टिकून राहतात.

आज सदनिकांत आठवड्याची साय मिक्सरमधून फिरवतात, तूप तीन-चार माणसांतच संपते आणि ताक मोरीत जाते! चहाच्या एका चमच्यात ५ ग्रॅम तूप, म्हणजे ४५ कॅलरी. त्यातील निम्म्याहून अधिक स्निग्धांश संपृक्त असतो व तो घातक कोलेस्टेरॉल वाढवतो. बैठे काम करणाऱ्या निरोगी प्रौढाने दिवसाला एक-दोन चमच्यांवर थांबावे आणि तेवढे तेल कमी करावे. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

मुंबईतील तबेल्यांच्या म्हशींसाठी १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत स्थापन झाली. तरी उपनगरांत काही घरी आजही तबेल्याचे सुटे दूध येते. ते उकळूनच साय काढावी. कच्च्या दुधातून क्षय व ब्रुसेलोसिसचे जंतू येऊ शकतात आणि घुसळल्याने ते मरत नाहीत. साय फ्रिजमध्येच साठवावी. कडवट वास आल्यास टाकून द्यावी. रक्तदाब असणाऱ्यांनी ताकात मिठाऐवजी जिरेपूड, कोथिंबीर घालावी. ताक फार आंबटले तर कढी करावी, पण ओतून देऊ नये.