शेवगा हाताच्या आटोक्यांत ठेवावा

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत शेवग्याचें झाड नाहीं असें गांव क्वचितच सांपडेल. परसांत न्हाणीच्या सांडपाण्यावर एक, विहिरीच्या थारोळ्याशीं एक, बांधावर एखाददुसरें, एवढाच पूर्वीं त्याचा पसारा असे. प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकून असतां पीकपाहणीच्या कागदांत शेवगा दिसलाच तर बांधावरचें झाड म्हणून दिसे. पीक म्हणून त्याजकडे कोणी पाहत नसे. 1989 सालीं तमिळनाडूंतील पेरियाकुलम येथील उद्यानविद्या महाविद्यालयानें पी. के. एम. 1 ही बियांपासून लावतां येणारी व सहा महिन्यांच्या सुमारास शेंग धरणारी जात प्रसृत केली. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें कोंकण रुचिरा दिली. आणि थोड्या पाण्यावर तग धरणारें झाड म्हणून शेवगा ठिबकाच्या नळ्यांमागोमाग बांधावरून शेतांत उतरला.

झाड शेतांत आलें, परंतु त्यास वागविण्याची रीत परसांतलीच राहिली. परसांतलें एक झाड वीस-पंचवीस फूट गेलें तरी कोणाचें बिघडत नाहीं. घरापुरत्या शेंगा आंकड्यानें ओढून निघतात. एकरांतील चारशें झाडें तशीं वाढलीं म्हणजे काय होतें, हें कळंब तालुक्यांतील एका बाईंच्या शेतांत मीं समक्ष पाहिलें. यजमान वारल्यावर या बाईंनीं एका एकरांत शेवगा लावला होता. पहिल्या वर्षीं झाडांची वाढ पाहून शेजारीपाजारी वाखाणणी करीत. दुसऱ्या वर्षीं खोडें सरळ वर गेलीं, खालचा दोन पुरुष भाग उघडा पडला, आणि शेंग लागली ती सारी शेंड्याला. तोडणीस मजूर येईनात. आले ते दुप्पट रोज मागत. शेवग्याचें लांकूड मऊ व ठिसूळ; त्यावर चढणें म्हणजे हातपाय मोडून घेणें. आंकड्यानें ओढावें तर तीन शेंगांबरोबर फांदी खालीं येई, व त्या फांदीबरोबर पुढचा फुलोराही जाई. हातीं न लागलेल्या शेंगा जून होऊन बाजाराच्या उपयोगाच्या राहत नसत. वैशाखांतील एका वावटळींत धुऱ्याकडील ओळीचे शेंडे मोडले, तेव्हां बाईंचा मुलगा शेवगा उपटून पुन्हां सोयाबीन पेरूं असें म्हणूं लागला.

दोष जमिनीचा नव्हता, जातीचाही नव्हता. शेंडा वेळेवर मोडला नाहीं, एवढेंच कारण होतें. झाडाच्या शेंड्यांत एक वाढीचा रस तयार होत असतो. तो खोडांतून खालीं उतरतो आणि पानांच्या बगलेंतील डोळ्यांस निजवून ठेवतो. 1933-34 च्या सुमारास थिमन व स्कूग या शास्त्रज्ञांनीं बाकल्याच्या रोपाचा शेंडा कापून त्याच्या जागीं तोच रस ठेवून पाहिला, तेव्हां शेंडा नसतांही बाजूचे डोळे निजलेलेच राहिले. शेंडा काढून जखम नुसती ठेवली तर डोळे जागे होतात व फांद्या फुटतात. शेवग्यास फुलोरा येतो तो बहुधा नव्या फुटीवर. म्हणून जितक्या फांद्या अधिक तितकी फुलाला जागा अधिक, आणि ती जागा जमिनीपासून किती उंच असावी हें ठरविणें सर्वस्वीं शेतकऱ्याच्या हातीं आहे.

रोप अडीच फूट, फार तर कमरेइतकें झालें कीं त्याचा शेंडा खुडावा. बी लावल्यापासून दोन महिन्यांच्या सुमारास ही वेळ येते, आणि खरी अडचण येथेंच आहे. त्या वेळीं रोप इतकें टवटवीत असतें कीं त्यास नख लावणें जिवावर येतें. आणखी हातभर वाढूं द्यावें, मग पाहूं, असें मन म्हणतें. तो हातभर पंधरा दिवसांत होतो आणि खोड टणक होऊं लागतें. जें काम दोन बोटांनीं झालें असतें त्यास पुढें करवत लागते. खुडल्यानंतर ज्या फांद्या फुटतील त्यांतील चार दिशांस चार राखाव्या, बाकीच्या काढाव्या. राखलेल्या फांद्याही दोन-तीन फूट झाल्या कीं त्यांचे शेंडे मोडावे. अशा रीतीनें झाड माणसाच्या डोक्यापेक्षां फारसें वर न जातां छत्रीसारखें पसरतें व शेंग उभ्यानें तोडतां येते.

शहरांत कांहीं हौशी लोक आतां घरांतच विजेच्या दिव्यांखालीं टोमॅटो, मिरची, काकडी वाढवितात. हें ऐकून आपल्या लोकांस हसूं येईल, पण छाटणीच्या बाबतींत त्यांजपासून शिकण्यासारखें आहे. त्यांच्या डोक्यावर छत असतें. शेंडा दिव्यास भिडला कीं पान करपतें, आणि वरच्या पानांच्या सावलींत खालचीं पानें पिवळीं पडून गळतात. दिव्याचा उजेड तर अंतराबरोबर झपाट्यानें कमी होतो. म्हणून त्यांस शेंडा मोडल्यावांचून गत्यंतर नसतें. आपल्या शेतावर आकाश मोकळें आहे, यामुळें छाटणीचा आळस चटकन् दिसून येत नाहीं. परंतु वरच्या पाल्यानें खालचा उजेड खाणें हा प्रकार तोच.

आतां झाडें वर गेलींच असतील तर काय करावें, हा त्या बाईंचा प्रश्न होता. शास्त्राची शिफारस अशी कीं शेंगांचा हंगाम संपल्यावर खोड जमिनीपासून तीन फुटांवर कापावें, आठवड्याच्या आंत शेणखत व वरखत द्यावें, म्हणजे चार-पांच महिन्यांत झाड नव्या फुटीवर पुन्हां धरूं लागतें. असा खोडवा तीन वर्षें घेतां येतो. शिफारस बरोबर आहे; पण ज्याच्या घरांत शेवग्याच्या पैशावर किराणा येतो त्यास चार-पांच महिने कोणी खायला घालीत नाहीं. माझें मत असें कीं गरीब खातेदारानें सगळा बाग एकदम कापूं नये. अर्धा एप्रिल-मेमध्यें कापावा, म्हणजे नव्या फुटीस मृगाचा पाऊस मिळतो. उरलेला अर्धा त्या वर्षीं आंकड्यानें कसाबसा तोडावा व पहिला अर्धा धरूं लागल्यावर मग कापावा. उत्पन्न कमी झालें तरी हातचें सगळें तुटत नाहीं, आणि पुढें दोन्ही भागांच्या शेंगा निरनिराळ्या वेळीं बाजारांत जातात. उन्हाळ्याच्या तोंडीं सर्वांचीच शेंग बाजारांत येऊन भाव पडतो, हें सोलापूरच्या बाजारांत गाडी नेणारास सांगावयास नको. हिवाळ्यांतील शेंगेस मात्र बहुधा चांगला दर मिळतो.

काप तिरपा घ्यावा, नाहींतर वर पाणी सांचून खोड कुजतें. विळ्यानें किंवा कुऱ्हाडीनें घाव घालूं नये, त्यानें खोड उभें चिरतें. बारीक फांदीस कात्री व जाडीस करवत वापरावी. कापलेल्या जागीं बोर्डो मलम लावावें. तें घरीं करतां येतें. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना निरनिराळे भिजवून, सर्व मिळून दहा लिटर पाणी लागेल अशा बेतानें एकत्र करावें. भांडें मात्र लोखंडाचें नसावें. भर पावसांत मोठी छाटणी करणें टाळावें.

त्या बाईंनीं अर्धा बाग कापला. पाला वाया गेला नाहीं. कोवळा भाजीस गेला, जून उस्मानाबादी शेळ्यांनीं फस्त केला. जाड फांद्यांचे चार-चार फुटांचे तुकडे शेजाऱ्यांनीं बांधावर रोवण्यासाठीं मागून नेले. उरलेल्या अर्ध्या बागेस करवत लावण्याचें काम या वेळीं मुलानें आपण होऊन अंगावर घेतलें आहे.